मुराळी निघाली फटफटीवर

मी शिकवते त्या शाळेतल्या बाया मला हल्ली एकच प्रश्न विचारतात. बाई, फटफटी शिकायला किती दिवस लागतात? मी सांगते, फटफटी शिकायला थोडे, धीर शिकायला जास्त. मग त्या हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून विचारतात. सगळ्यांना वेगवेगळं सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. कुणाला बुऱ्हाणपूरहून डोईफोडियाला जायचं असेल तर रस्त्याची माहितीही होईल.

सुरुवात फटफटीपासून नाही, माझ्या धाकट्या बहिणीपासून करावी लागेल. सिंधूला डोईफोडियाला दिली. गाव जंगलाच्या कडेला आहे, घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासुरवाशीण माहेरी आलीच पाहिजे. पण ती आपली आपण येत नाही. तिला न्यायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ असेल तर भाऊ, नाहीतर बाप. आम्हाला भाऊ नाही. वडील होते तोवर ते स्वतः बैलगाडी हाकत जात आणि सिंधूला घेऊन येत. ते गेले, बैल विकले, आणि दोन आखाज्या सिंधूवाचून गेल्या. आईनं अंगणातल्या कडुनिंबाला दोन्ही वर्षं आखाजीचा झोका बांधला नाही.

मागच्या वर्षी मी भाड्याची दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, करून गेले होते. सिंधूच्या सासूनं मला जेवू घातलं, चोळीचा खण दिला आणि गाठोडं बांधून बसलेली सून काही धाडली नाही.

"भाड्याची गाडी, भाड्याचा मानूस," त्या म्हणाल्या. "रस्त्यात जंगल हाय. बैल उधळले तं तो उडी टाकून पळून जाईन. माही सून मी अशी न्हाई धाडत. घरची गाडी आन् घरचं मानूस हाकत आनजा, त्या दिशी बेलाशक घेऊन जाय."

येताना मी दमणीत रडत आले, रागानं. राग त्या बाईंचा नव्हता, कारण त्यांचं बोलणं मला पटलं होतं. तोच तर खरा त्रास होता.

तुम्ही म्हणाल, यजमानांना का नाही पाठवलं? अहो, ते जावई! जावयाला न्यायला मुराळी येतो, जावई कुणाचा मुराळी होऊन जात नाही. ते गेले असते तर डोईफोडियानं वर्षभर तोंडी लावायला तेवढंच घेतलं असतं. राहता राहिली मी.

आणि घरची गाडी? ती आमच्या पडवीत उभी होती. रेल्वेतला एक साहेब विलायतेला परत जाताना आपली जुनी फटफटी विकून गेला, ती ह्यांनी घेतली. डाव्या बाजूला एक चाक आणि त्यावर होडीच्या आकाराची बैठक, म्हणजे साइडकार. हे गिरणीत कारकून. फटफटीवर बसून गिरणीत जात तेव्हा वाटेतल्या शेळ्यासुद्धा ह्यांना ओलांडून पुढे जात, इतके बेतानं चालवत. मी एका रात्री जेवताना म्हटलं, "मला शिकवा."

ह्यांचा घास हातात राहिला. "काय?"

"फटफटी. आखाजीला मी मुराळी जाणार."

हे आधी तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "उद्या पहाटे ऊठ. पण पडलीस तर मी शिकवलं असं कुणाला सांगायचं नाही."

शनवारा दरवाज्याबाहेरच्या मोकळ्या जागेवर माझी शाळा भरली. विद्यार्थीही मी आणि छड्या खाणारीही मीच. किक मारायची म्हणजे उखळात मुसळ घालण्याएवढी ताकद लागते, पण वेळ साधली पाहिजे. वेळ चुकली की किक उलटी येते आणि पोटरीवर असा फटका बसतो की सात पिढ्या आठवतात. गिअरचा दांडा टाकीच्या बाजूला, तो हातानं ओढायचा. ठिणगी मागेपुढे करायची एक वेगळी कळ. डावा हात क्लचवर, उजवा वेगावर, पाय ब्रेकवर, आणि हे साइडकारमध्ये बसून ओरडायला. मी एकदा म्हटलं, माझे सगळे हातपाय कामाला लागलेत, तुमचं तेवढं तोंड जरा रिकामं ठेवा.

वेशाची काळजी मला सगळ्यांत जास्त होती, आणि तीच फुकट गेली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की फटफटीवर बसायला त्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. ह्यांचं धोतर साखळीत दोनदा अडकलेलं मी पाहिलं आहे. माझं लुगडं एकदाही अडकलं नाही. पदर मात्र कमरेला खोचून वर दोरीनं बांधा, नाहीतर तो डोळ्यांवर येतो.

साइडकारची फटफटी उभी राहायला आधार मागत नाही, म्हणून नवख्याला सोपी वाटते. पण तिच्या खोड्या वेगळ्या. वेग वाढवला की ती डावीकडे ओढते, वेग सोडला की उजवीकडे. सारखी तिची समजूत घालत राहावी लागते. आणि डावीकडे वळताना साइडकारमध्ये वजन नसेल तर ते चाक जमिनीवरून उचलतं. ही गोष्ट हे मला रोज सांगत. मी रोज हो म्हणत असे. साइडकारमध्ये हे स्वतः बसलेले असल्यामुळे चाक कधी उचललंच नाही, आणि म्हणून ते माझ्या डोक्यात कधी शिरलंही नाही.

पुढे निंबोल्याच्या रस्त्यावर गेलो. तो रस्ता पक्का खडीचा, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, वेचणी होऊन रिकामी पडलेली. पहाटे तिथे बैलगाड्यांशिवाय काही नसतं. बैल फटफटीला भितात. समोरून गाडी आली की मी बाजूला थांबून इंजिन बंद करी. एका गाडीवानानं गाडी थांबवून नीट निरखून पाहिलं आणि साइडकारमध्ये बसलेल्या ह्यांना विचारलं, "साहब, बाई चलाती है और आप क्या करते हो?"

"हम वजन हैं, भैया," हे म्हणाले.

त्या दिवशी मला कळलं की हे मला शेवटपर्यंत साथ देणार. खरंच फार आनंद झाला.

आखाजीच्या चार दिवस आधी आम्ही आईच्या घरून निघालो. आई दाराशी आली. तिनं मुराळ्याच्या हातात द्यायचा दराब्याचा डबा मला दिला. रवा आणि साखर तुपात घोटून घोटून हलका केलेला आमच्या गावचा हा गोड पदार्थ घेतल्याशिवाय बुऱ्हाणपूरचं माणूस पाहुण्याकडे जात नाही. मग कपाळाला कुंकू लावलं. "नाही धाडली तरी भांडू नको," एवढंच म्हणाली. तिनं झोक्याचा दोर काढून ठेवलाय का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

तुम्हाला हा प्रवास करायचा असेल तर वैशाखात सूर्य उगवायच्या आत तापी ओलांडा. नदीत पाणी घोटाभर असतं आणि बैलगाड्यांसाठी झाडाच्या फांद्या आणि वाळू टाकून उतार बांधलेला असतो. उतारवाला माणशी आणि गाडीमागे थोडे पैसे घेतो. फटफटीला किती घ्यावेत हे त्याला ठरवता येईना, कारण तिला बैल नव्हते. शेवटी त्यानं एका बैलाच्या गाडीचे पैसे लावले. पेट्रोल गावातच भरून घ्या आणि एक डबा जास्तीचा ठेवा, कारण पुढे कुठेही मिळत नाही. मातीची सुरई ओल्या फडक्यात गुंडाळून घ्या.

तापीच्या पलीकडे रस्ता म्हणजे गाड्यांच्या चाकोऱ्या. फटफटीची दोन चाकं एका चाकोरीत आणि साइडकारचं दुसरीत, असं काही बसत नाही. एक चाक सदैव धोंड्यांवर. पहिला तासभर मी फक्त पुढचं चाक पाहत होते. मग हळूहळू मान वर आली. पळस फुलून गेलेले, मोहाचा वास, दूरवर निळसर डोंगर. हवा अजून गार होती. मी स्वतः हाकत होते! मी एकदम मोठ्यानं हसले तेव्हा ह्यांनी दचकून विचारलं, "काय बिघडलं?"

वाटेत एका विहिरीवर थांबलो. बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा होता. पाणी शेंदणाऱ्या दोन बाया आपसांत बोलत होत्या.

"सरकारी बाई दिसते. टोचायले आली असंन."

"टोचायची पेटी कुठी हाय मंग? हातात तं गोडाचा डबा हाय."

मी सांगितलं, बहिणीला आखाजीला न्यायला चालले. दोघींनी शेंदणं थांबवलं. मग त्यांतली थोरली म्हणाली, "जाय माय, लवकर जाय. ती वाट पाहत असंन." आणि माझी सुरई तिनं आपल्या घागरीतून भरून दिली.

खकनारला हे उतरले. तसं आधीच ठरलं होतं. जावई पुढे आला तर मुराळी तो ठरला असता, मी नाही. गावाबाहेरच्या मोठ्या कडुनिंबाखाली ह्यांनी पंचा पसरला. "पडू नकोस," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही झोपू नका." आम्ही दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही, पैकी माझं थोडक्यात निभावलं.

ह्यांच्या जागी साइडकारमध्ये आता काही नव्हतं. दराब्याचा डबा मी जपून मागच्या कॅरिअरला बांधला होता. साइडकार मोकळी आहे हे मला दिसत होतं, पण लक्षात आलं नाही. उलट फटफटी हलकी झाली म्हणून मी खूष होते. जरा वेगही वाढवला. एका नाल्याच्या उतारावर रस्ता डावीकडे वळला. मी वळवली, आणि साइडकार माझ्या कोपरापर्यंत वर आली.

काय वाटलं ते सांगते. पडेन असं वाटलं नाही. सिंधू येणार नाही, असं वाटलं. तेवढ्या एका क्षणात आईचं तोंड दिसलं. मी हँडल सरळ सोडलं आणि फटफटी रस्ता सोडून बोरीच्या झुडपात घुसली. चाक धाडकन खाली बसलं. इंजिन बंद पडलं. हातांवर ओरखडे, लुगड्याला काटे, बाकी सगळं शाबूत. मी तिथेच खाली बसले आणि भरपूर रडले. रडून झाल्यावर सुरईतलं पाणी तोंडावर मारलं आणि दराबा उघडून पाहिला. तोही शाबूत होता.

मग नाल्यात उतरले आणि गोटे वेचले. गुळगुळीत, मोठे, दोन्ही हातांनी उचलावे लागतील असे. पदर खोचून एकेक वर आणला आणि साइडकार भरली, ह्यांच्या वजनाचा अंदाज घेत. आमचे हे तसे अंगानं बेताचेच, म्हणून काम लवकर आटोपलं.

अशी मी डोईफोडियात शिरले. धुळीनं माखलेली, हातावर रक्ताचे ओरखडे आणि गाडीत गोटे. फटफटीचा आवाज ऐकून अर्धं गाव ओट्यावर आलं. सिंधूची सासू जातं सोडून पिठाच्या हातानं दारात उभी राहिली. त्यांच्यामागे चौकटीत सिंधू. तिनं मला पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. हसते की रडते ते दिसेना.

सासूबाईंनी फटफटीभोवती एक चक्कर मारली. साइडकारमध्ये वाकून पाहिलं.

"मास्तरीनबाई, मुराळी गोडाचं आनतो. तुम्ही माहेराहून गोटे आनले?"

सगळा ओटा हसला. मी घाईघाईनं दराब्याचा डबा सोडून त्यांच्या हातात दिला. पण त्यांचं लक्ष गोट्यांवरच.

"हे काहून?"

खोटं सांगावंसं वाटलं. शोभेला, चाकाला टेकू द्यायला, काहीही. पण सून त्यांच्या घरची होती आणि बहीण माझी. मी सांगितलं, "आत्याबाई, मोकळी गाडी डावीकडे वळताना उचलते. हे मला शिकवलं होतं, मी विसरले. नाल्यापाशी चाक वर आलं. बोरीत गेले. म्हणून वजन भरलं."

कुणीतरी म्हातारा म्हणाला, "अशा गाडीत सून बसवता का? बाई मानूस कुठी मुराळी असते?"

सासूबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या माझ्या हातावरचे ओरखडे पाहत होत्या. "भेव वाटलं?" त्यांनी विचारलं.

"फार."

"मंग परत काहून न्हाई गेली?"

"सिंधूला न्यायचंय," मी म्हटलं.

त्या बाईंनी पिठाचे हात लुगड्याला पुसले. "गोटे काढ," म्हणाल्या. मला वाटलं, संपलं सगळं. मी एकेक गोटा काढून त्यांच्या ओट्याखाली ठेवू लागले. शेवटचा काढला तशी सासूबाई कासोटा सावरून साइडकारमध्ये पाय टाकून बसल्या!

"चाल," म्हणाल्या. "मारोतीपातुर आन् परत. त्या वडाखाली डावं वळन हाय, तिथून घे."

पोटरी दुखत होती, सगळं गाव बघत होतं. मी देवाचं नाव घेतलं आणि किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली. त्यानंतर पुन्हा कधी झाली नाही. मी गल्लीतून बाहेर काढली, वडाखाली वेग कमी केला, डावं वळण घेतलं. चाक जमिनीला चिकटून राहिलं. सासूबाई दोन्ही हातांनी कड घट्ट धरून, ओठ मिटून समोर बघत होत्या. मारुतीसमोर त्यांनी एक हात सोडून नमस्कार केला आणि पुन्हा धरला. परत येईतो त्यांच्या भुवयांवरसुद्धा धूळ बसली होती.

उतरून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या म्हाताऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या बैलापेक्षा बरी हाकते. आन् भेव वाटलं तं भेव वाटलं म्हनते. असं मानूस ध्यान ठेवते." मग घराकडे तोंड करून हाक मारली, "सिंधू! गाठोडं बांध."

सिंधूचं गाठोडं बांधलेलंच होतं. तिनं ते दाराआडून उचललं. म्हणजे ती गेल्या वर्षीसारखीच यंदाही बांधून बसली होती. ते बघून मला पुन्हा रडू आलं, आणि मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. शेवटी सासूबाई म्हणाल्या, उन्हं चढतील, रडनं रस्त्यात करा.

खकनारच्या कडुनिंबाखाली हे गाढ झोपले होते. सिंधूनं त्यांच्या कानापाशी भोंगा वाजवला. मग सिंधू साइडकारमध्ये, हे मागच्या कॅरिअरवर, पुढे मी. तापीच्या उतारावर बाया धुणं धूत होत्या. एक ओरडली, "देखो देखो, मरद पीछे बैठा है!" ह्यांनी टोपी काढून त्यांना रामराम केला.

आखाजीच्या दिवशी नव्या घागरीत पाणी भरून, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पितरांची पूजा करतात. वडिलांच्या नावाची घागर आईनं मांडली, आणि सिंधूनं ती आपल्या हातानं भरली. पाणी ओतताना ती म्हणाली, "बाबा, मुराळी आला होता बरं का." दुपारी खापरावरचे मांडे आणि आमरस झाला. आई स्वतः जेवायची विसरली, आमच्याकडे बघत बसली. कडुनिंबाला झोका बांधला होता. गल्लीतल्या पोरी संध्याकाळपर्यंत उतरल्या नाहीत आणि सिंधूनं तर त्यांच्यावर ताण केली.

तिला पोहोचवायला मीच गेले, तसा डोईफोडियाहून निरोपच होता. मागच्या वेळेच्या वळणावर मी उतरून तिला बोरीचं झुडूप दाखवलं. येताना साइडकार पुन्हा मोकळी. मी गोटे मागितले तर सासूबाई म्हणाल्या, "लेकीबाळीच्या घरून गाडी मोकळी जाते का?" आणि त्यांनी कैऱ्या, मोहाची फुलं आणि ज्वारीचं एक पोतं साइडकारमध्ये रचलं, वजन बरोबर होईपर्यंत. माझे गोटे त्यांनी तुळशीच्या कट्ट्याला लावून टाकले होते.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. पोटरीवरचं निळं पुसट झालं. फटफटी पडवीत आहे, मी तिच्यावरून शाळेत जाते, आणि शेळ्या माझ्या पुढे जात नाहीत. गल्लीत दोन घरं अशी आहेत जिथल्या लेकींना भाऊ नाही. त्या आयांनी अजून काही विचारलेलं नाही, पण फटफटी पुसत असले की त्या उगाच ओट्यावर येऊन उभ्या राहतात. त्यांनी विचारलं तर मी हो म्हणणार आहे. तुमच्यातल्या कुणाला शिकायचं असेल तर शनवाऱ्याबाहेर या, पण साइडकारमध्ये आधी वजन ठेवा.

परवा हे शिडी घेऊन आईकडे झोका सोडायला गेले. पावसाळा तोंडावर आला आहे. ते वर चढले तशी आई खालून म्हणाली, "राहू द्या तो."

"आई, पावसात दोर कुजेल," हे म्हणाले.

"कुजला तर नवा आणू," आई म्हणाली, आणि कैऱ्या चिरायला आत गेली.